नव्व्याण्णव फेनिग

एका युनिटला नव्व्याण्णव फेनिग.
गोठ्याच्या दारावर आईने खडूने लिहिलं होतं,
दोन हजार एकच्या एप्रिलात,
एरवी जिथे लिहायची
कोणती गाय कधी व्यायची ते.
खाली रेघ. रेघेखाली: वीस वर्षं.

बाबा रात्रपाळीहून आले, बूट काढता काढता वाचलं,
म्हणाले, विब्के,
इथे ऊन खायला पुरत नाही, आणि तू विकणार?
आई म्हणाली, भाव बरा आहे म्हणून नाही,
भाव कागदावर आहे म्हणून.
दुधाला दिलाय कुणी कधी वीस वर्षांचा कागद?

आमचं घर एल्बच्या बांधामागे,
भरतीच्या पाण्याहून खाली.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा घुमट,
सोललेल्या अंड्याच्या टोकासारखा,
आणि त्याच्या पोटात बाबा,
पस्तीस वर्षं, काट्यांकडे बघत.
ते बांधकाम चालू होतं तेव्हा
विशीतली आई कुंपणाबाहेर चिखलात उभी होती
पिवळ्या रेनकोटात, हजारोंच्या घोळक्यात.
बाबा म्हणायचे, ओळख असती तर
आत बोलावून कॉफी दिली असती.
आई म्हणायची, आले नसते.
रेनकोट अजून खुंटीला आहे. ती तो कोंबड्यांना दाणे टाकताना घालते.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात.
आईचं छपरावर पिकायचं आणि छपरावरच विकायचं.
मार्क गेले, युरो आले,
दारावरचा आकडा तिने बदलला नाही.
जेवताना बाबा विचारायचे, आज किती पिकलं?
डिसेंबरात ती उत्तर द्यायची नाही,
बटाटे वाढायची.

एकदा ओल्डेकॉपबाई आल्या,
गावातल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावर,
ज्यांच्या नावावर छप्परच नाही.
विजेचं बिल टेबलावर पसरलं, एका ओळीवर बोट ठेवलं:
हा अधिभार कसला, मला वाचून दाखव.
आईने वाचून दाखवला.
दर शुक्रवारी मग चीजची बरणी जाऊ लागली.
बाई बरणी धुऊन परत पाठवायच्या,
चीज घ्यायच्या, बोलायच्या नाहीत.

दोन हजार एकवीस, एकतीस डिसेंबर.
आईला पत्र: उद्यापासून बाजारभाव.
बाबांना पत्र नव्हतं, त्यांना ठाऊकच होतं.
मध्यरात्रीच्या आत त्यांनी आणि इतरांनी मिळून
ते सावकाश खाली आणलं,
जसं झोपलेलं मूल खांद्यावरून उतरवतात.
हे त्यांनी सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, झालं.

दोन वाजता घरी आले ते सरळ गोठ्यात.
मी टॉर्च धरला.
वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चष्मा लावून
आईचं मीटर वाचलं.
शून्यावर आहे गं.
रात्री शून्यच असतं, हिन्रिक.
आमचंही आज, ते म्हणाले,
आणि खडूच्या आकड्यावर हात ठेवायला गेले,
ठेवला नाही.

आत किटलीत पाणी उकळू लागलं.
मला राहवलं नाही, मी विचारलं, ही वीज आता कुणाची?
बाबांनी कान दिला,
जणू आवाजावरून ओळखता येते.
डेन्मार्कचा वारा असेल,
किंवा लाउझित्सचा कोळसा.
आईने कप मांडले. कुणी कुणाला जिंकल्यासारखं बघितलं नाही.

एक तारखेला धुकं, दोनला धुकं.
तीनला थोडंसं काहीतरी, गवताच्या रंगाचं ऊन.
बाबा शिडी लावून चढले,
वीस वर्षांचं शेवाळ खरवडत राहिले झाडूने.
खालून आई ओरडली, उतरा, चौसष्ट वय आहे तुमचं!
वरून ते: युनिटला आता किती देतात?
सात सेंट.
बाबा झाडू टेकवून उभे राहिले,
नदीकडे बघितलं, घुमटाकडे बघितलं,
आणि राहिलेली चौथी रांगही झाडायला घेतली.